मनगटावरची काच आणि धाराशिवची माती

नवे स्मार्टवॉच मनगटावर चढले, की आरंभीचे काही दिवस त्याचा धनी त्याच्या उपभोगापेक्षा त्याच्या राखणीतच अधिक गुंतलेला असतो, हे दृश्य आता धाराशिव, तुळजापूर, उमरगा अशा मोठ्या पेठांप्रमाणेच भूम, वाशी, लोहारा या तालुक्यांतील लहानशा गावांतही सर्रास दृष्टीस पडते. तहसील कचेरीतील कारकून लोखंडी कपाटातून दप्तरे काढताना डावा हात कटाक्षाने मागे ठेवतो. सोयाबीनच्या मळणीयंत्रापाशी उभा असलेला तरुण शेतकरी सदऱ्याची बाही ओढून घड्याळावर घेतो. आणि स्वयंपाकघरात वावरणारी गृहिणी, हे घड्याळ बांगड्यांशेजारी बांधावे की नाही, या विचारात क्षणभर थबकते. ही चिंता क्षुल्लक म्हणून उडवून लावण्याजोगी नाही. ज्या मुलखात वर्षाचा ताळेबंद पावसाच्या मर्जीवर ठरतो, तेथे हप्त्याने घेतलेली वस्तू जपून वापरणे हा संसारी माणसाचा विवेकच होय. परंतु या काळजीचा रोख बहुधा भलत्याच दिशेला असतो. किल्ली, नाणे, बांगडी यांचे भय बाळगायचे, आणि ज्या रुमालाने दिवसातून अनेक वेळा काच पुसायची त्या रुमालावर मात्र निःशंकपणे विसंबायचे, असा हा उफराटा बंदोबस्त आहे. चरा कशाने पडतो, कशाने पडत नाही, आणि पडलाच तर त्याचे दुःख किती करावे, या प्रश्नांची उत्तरे पुष्कळशी आपल्या पायाखालच्या मातीतच सापडतात.

एक पदार्थ दुसऱ्यावर चरा उठवतो तो आपल्या काठिण्याच्या बळावर. आघात कितीही जोराचा असला, तरी मऊ पदार्थ कठीण पदार्थाचा पृष्ठभाग कोरू शकत नाही. तो स्वतःच झिजतो, चेपतो किंवा आपला अंश त्यावर ठेवून जातो. या साध्या नियमाच्या आधारे फ्रीडरिख मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 1812 साली खनिजांची एक दहा पायऱ्यांची उतरंड लावून दिली, आणि दोनशे वर्षे लोटली तरी ती आजही व्यवहारात आहे. सर्वांत खाली शंखजिरे, त्यावर जिप्सम, तिसऱ्या पायरीवर चुनखडीतील कॅल्साइट, पुढे फ्लोराइट व अ‍ॅपेटाइट, सहाव्या पायरीवर फेल्डस्पार, सातव्यावर क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, आठव्यावर पुष्कराज, नवव्यावर कुरुंद, आणि दहाव्यावर हिरा. माणसाचे नख या मापाने सुमारे अडीचावर येते, खिडकीची साधी काच साडेपाचाच्या आसपास, आणि स्मार्टवॉचची विशेष प्रक्रिया केलेली काच त्याहून किंचित वर, सहाच्या घरात. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे. कुरुंद आणि हिरा यांच्यात एकाच पायरीचे अंतर दिसत असले, तरी प्रत्यक्ष मोजमापात हिरा कुरुंदाच्या सुमारे चौपट कठीण भरतो. तेव्हा ही उतरंड कोण कोणावर चरा उठवील एवढेच सांगते. किती सहजतेने उठवील, ते सांगत नाही.

या मापात धाराशिवच्या भूमीचे स्थान कोठे येते, हा आपल्या दृष्टीने खरा मुद्दा. हा सारा जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगेवर व तिच्या उतारांवर वसलेला असून त्याच्या बुडाशी सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या लाव्ह्याचे थरावर थर आहेत. तोच आपला काळा पाषाण. नळदुर्गच्या किल्ल्याची तटबंदी, बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल, परंड्याचे बुरूज, घरोघरचे जाते आणि पाटा-वरवंटा, ही सारी याच पाषाणाची रूपे होत. हा दगड मुख्यत्वे फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या दोन जातींच्या बारीक कणांचा बनलेला असतो, आणि त्यांचे काठिण्य साडेपाच ते सहा-साडेसहा एवढे असते. म्हणजे घड्याळाची काच आणि आपला काळा दगड हे जवळजवळ तुल्यबळ आहेत. दगड घासला तर काचेवर पुसटसा चरा उठेलही, क्वचित उठणारही नाही, पण अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा साध्या पोलादाच्या कडेला मात्र तो नक्कीच खरवडून काढील.

आता हाच पाषाण शेकडो शतके ऊन-पाऊस सोसून कुजला, म्हणजे त्याचा प्रथम मुरूम होतो आणि पुढे काळी माती होते. उन्हाळ्यात जिला हातभर खोल भेगा पडतात आणि मृगाच्या सरींनी जी फुगून पायाला चिकटते, त्या काळ्या मातीचे सूक्ष्म कण पराकाष्ठेचे मऊ, शंखजिऱ्याच्या व नखाच्या पंक्तीतले असतात. निव्वळ असल्या मातीने माखलेल्या बोटांनी काच पुसली तरी काचेला यत्किंचितही इजा होणार नाही. परंतु माती निव्वळ कधीच नसते. गोरोबाकाकांच्या तेरमध्ये, किंवा कोणत्याही गावच्या कुंभारवाड्यात, चिखल तुडवण्याआधी माती चाळून तिच्यातील खडे का वेचून काढतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे निराळे सांगावयास नको. मऊ मातीच्या पोटात कठीण कण दडलेले असतात, आणि आपल्या जिल्ह्यात त्या कणांचा पुरवठा करणारी वस्तू म्हणजे गारगोटी.

लाव्हा थिजत असताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले; पुढे लक्षावधी वर्षे झिरपणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत सिलिका आणून साठवली; त्यातूनच गारगोट्या, अकीक, कार्नेलियन यांसारखे दगड निपजले. भोवतालचा पाषाण कुजून माती झाला, पण सिलिका कुजत नाही, म्हणून हे पांढरे, दुधी, तांबूस खडे शेताच्या बांधावर, ओढ्याच्या पात्रात आणि माळरानावर तसेच उघडे पडून राहतात. लहानपणी दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर आपटून ठिणग्या पाडण्याचा खेळ या भागातील कितीकांनी खेळला असेल. सीना, मांजरा, तेरणा यांच्या वाळूतही हेच कण इतर कणांत मिसळलेले असतात, आणि तीच वाळू बांधकामावर येते, रस्त्यावर सांडते, वाहनांच्या चाकाखाली पिठासारखी होऊन वाऱ्यावर उडते आणि अखेर आपल्या कपड्यांवर, रुमालावर व घड्याळावर बसते. सातव्या पायरीचा हा कण सहाव्या पायरीच्या काचेपेक्षा खात्रीने कठीण असतो.

ज्यांना याची प्रत्यक्ष प्रचीती हवी असेल, त्यांनी फुटक्या पेल्याचा एक जाड तुकडा जपून ओट्यावर ठेवावा आणि बांधावरून आणलेल्या गारगोटीचे अणकुचीदार टोक त्यावर बेताच्या दाबाने ओढावे. प्रथम एक करकर असा, दातांना शिवशिवी आणणारा आवाज येतो. मग काचेवर पांढुरकी रेघ दिसू लागते. आणि बोट फिरवले असता तिच्या काठाला काचेचा बारीक भुगा लागतो. हा भुगाच महत्त्वाचा आहे, कारण काच खरोखर कोरली गेल्याची तीच साक्ष. त्यानंतर त्याच तुकड्यावर पितळी किल्ली ओढून पाहावी. रेघ येथेही उठेल, कदाचित अधिक ठळक उठेल. परंतु भिंगातून न्याहाळले असता ती खोलगट नसून उंचवट्याची, पिवळसर चमकेची दिसते, आणि तिच्यावरून नख अडखळल्यावाचून सरकते. तेथे काच झिजलेली नसून किल्ली झिजलेली असते, आणि जिला आपण चरा म्हणतो ती वस्तुतः धातूची शाई असते. नव्या घड्याळावर असली रेघ दिसली म्हणून ज्यांचा जीव खालीवर झाला, त्यांच्यापैकी पुष्कळांचे घड्याळ त्या क्षणी पूर्णपणे निर्दोष असते.

या कसोटीवर घरातील एकेक वस्तू पारखून पाहिली, की भयाची सारी यादीच पालटते. खिशातील नाणी, मग ती पोलादाची असोत वा मिश्रधातूची, काचेहून मऊच. सोन्याचे दागिने तर त्याहूनही मऊ; घड्याळाशेजारी सोन्याचे कडे असल्यास जपायचे ते कड्याला. काचेच्या बांगड्यांची काच घड्याळाच्या काचेपेक्षा थोडी खालच्या पायरीची असते, त्यामुळे त्यांच्या नित्याच्या किणकिणाटाने घड्याळाच्या काचेला धोका नाही. मात्र घड्याळाची कड अ‍ॅल्युमिनियमची किंवा रंग दिलेल्या मिश्रधातूची असेल, तर तिच्यावर बांगड्यांचे व्रण उमटू शकतात. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातील कवड्यांची माळ चुन्याच्याच जातीच्या पदार्थाची असल्याने तिच्याही स्पर्शाने काच कोरली जात नाही. जुन्या घरांतील शहाबादी फरशी आणि ओट्यावरचा कडप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड होत. तिसऱ्या पायरीच्या या दगडांवर काच घासली गेली, तर दगडाची पांढरी पूड काचेला लागेल, एवढेच. परंतु नव्या घरांत कडप्प्याची जागा ग्रॅनाइटने आणि शहाबादी फरशीची जागा व्हिट्रिफाइड टाइल्सनी घेतली, आणि तेथे मात्र प्रकरण निराळे झाले. ठिपकेदार, गुलाबी किंवा राखाडी ग्रॅनाइटमध्ये जे काचेसारखे चमकणारे दाणे दिसतात ते क्वार्ट्झचे असतात; कणीक मळताना किंवा ओटा पुसताना मनगट त्यावर टेकले आणि घसटले, की चरा पडण्यास तेवढे पुरेसे होते. हिऱ्याच्या अंगठीविषयी तर बोलावयासच नको. तिच्यापुढे कोणत्याही घड्याळाची कोणतीही काच टिकत नाही. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांनी पान्ह्यांवरील क्रोमच्या मुलाम्यापासून सावध असावे, कारण तो काचेहून पुष्कळ कठीण असतो. आणि जेथे ग्राइंडर चालतो तेथे तर घड्याळ उतरून ठेवणेच इष्ट, कारण त्या चाकाचे कण कुरुंदाच्याच जातीचे असतात.

याच ओघात तेरच्या मण्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापाऱ्यांच्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात ज्याचा तगर म्हणून निर्देश आहे, ते हेच तेरणाकाठचे तेर. येथून माल भडोचच्या बंदरास जाई आणि तेथून रोमच्या साम्राज्यात पोहोचे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात जमा झालेल्या प्राचीन वस्तूंत मौल्यवान दगडांचे मणीही आहेत. असले मणी घडवणारे कारागीर काठिण्याची ही उतरंड मोह्सच्या कितीतरी आधीपासून हाताने जाणत होते. अकीकाला आकार द्यावयाचा तर तो अकीकाहून कठीण अशा कुरुंदाच्या पुडीनेच द्यावा लागतो, आणि त्याला छिद्र पाडावयाचे तर हिऱ्याच्या कणाचे टोक लागते, हे खंबायतच्या मणीकारांचे पिढीजात ज्ञान आहे. घड्याळाची काच आणि तेरचा मणी यांतील भेद एवढाच, की मणी रस्त्यावरच्या धुळीच्या बरोबरीचा कठीण आहे आणि काच तिच्याहून एक पायरी खाली आहे. दोन सहस्रके लोटूनही मण्याचे तेज का टिकते आणि काचेचे वर्षभरात का मंदावते, याचे कारण त्या एका पायरीत आहे.

तेव्हा खरा अपराधी जो धुळीचा कण, तो काचेवर नुसता बसला म्हणून चरा पडत नाही. त्याला दाब हवा आणि गती हवी, आणि या दोन्ही गोष्टी आपणच आपल्या हाताने पुरवतो. पडद्यावर धूळ दिसली की सदऱ्याच्या टोकाने, उपरण्याने, पदराने किंवा खिशातल्या रुमालाने ती कोरडीच पुसून काढण्याची आपली सवय असते. सुताचा धागा काचेपेक्षा कितीतरी मऊ आहे; पण धाग्यांच्या जाळ्यात अडकलेला गारगोटीचा कण काचेवर दाबून फिरवला गेला, की ते फडके घासणीचे काम करू लागते. सुगीच्या दिवसांत तर त्या धुळीत आणखी एक भर पडते. ज्वारी, ऊस, गहू ही सारी तृणकुळातील पिके जमिनीतील विरघळलेली सिलिका मुळांनी शोषून आपल्या पानांच्या व खोडाच्या पेशींत साठवतात. उसाच्या पाचटाने तोडणी करणाऱ्याचे हात ओरखडतात आणि कडबा कापता कापता विळ्याची धार लवकर उतरते, त्याला हेही एक कारण आहे. हे कण काठिण्याने काचेच्या बरोबरीचे असतात. मळणीयंत्रातून उडणारा भुसा म्हणजे मातीतले खडे आणि पिकातील सिलिका यांचे मिश्रण होय, आणि त्या दिवसांत घड्याळ कोरडे पुसणे सर्वाधिक घातक.

यावर उपाय सोपा आहे, आणि तो या कोरडवाहू मुलखातही तांब्याभर पाण्यात होण्याजोगा आहे. घड्याळ पाण्यास टिकणारे असल्याची खातरजमा त्याच्या माहितीपत्रकावरून करून घ्यावी, मग प्रथम साध्या पाण्याची बारीक धार सोडून धूळ वाहू द्यावी, आणि त्यानंतरच धुतलेल्या, मऊ फडक्याने ओल टिपून घ्यावी. फुंकर मारूनही पुष्कळ कण निघून जातात. बोअरच्या जड पाण्याने काचेवर पांढुरके डाग पडतात खरे. पण ते क्षाराचे, चुन्याच्या जातीचे असल्याने काचेला कोरत नाहीत, आणि ओलसर फडके दोन-तीनदा फिरवले की बव्हंशी निघतात. ते काढण्यासाठी भांडी घासण्याची हिरवी घासणी हाती घेणे हा मात्र अनर्थ होय, कारण त्या घासणीत कुरुंदाच्याच जातीचे कण डिंकाने बसवलेले असतात. चुलीतल्या राखेतही सिलिका असते, तेव्हा तीही वर्ज्य समजावी.

ज्यांनी एच.एम.टी.ची घड्याळे वापरली आहेत, त्यांना या ठिकाणी दंतमंजनाच्या पेस्टची आठवण होईल, आणि ती आठवण रास्त आहे, पण आज ती दिशाभूल करणारी ठरते. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे 1961 पासून निघू लागलेल्या त्या घड्याळांवर जी काच म्हणून ओळखली जाई, ती बहुधा अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे एका जातीच्या पारदर्शक प्लास्टिकची असे. तिच्यावर चरे सहज पडत. परंतु ती इतकी मऊ होती, की पेस्टमधील खडूसारख्या सौम्य पुडीने घासली असता चऱ्याच्या काठांची पातळी खाली येऊन ती पुन्हा स्वच्छ दिसू लागे. शिवाय ती पडली तरी सहसा फुटत नसे. आजची काच पेस्टने घासल्यास चरा तर तिळमात्र हलत नाही, उलट काचेवर कारखान्यात दिलेला तेलकटपणा झटकणारा अत्यंत पातळ लेप मात्र झिजून जातो, आणि मग बोटांचे ठसे पूर्वीपेक्षा अधिक उठू लागतात. पुष्कळदा नव्या घड्याळावर जे अगदी बारीक ओरखडे दिसतात, ते वास्तविक या लेपावरचेच असतात. खालची काच शाबूत असते.

त्याच एच.एम.टी.च्या ‘जनता’ घड्याळाच्या तबकडीवर ‘17 ज्युएल्स’ असे शब्द असत. हे ज्युएल म्हणजे कृत्रिम माणकाचे बारीक तुकडे. चाकांच्या पोलादी आसांच्या घर्षणाने झीज होऊ नये म्हणून आस टेकावयाच्या जागी ते बसवलेले असत. माणिक आणि नीलम ही दोन्ही कुरुंदाचीच रूपे. फ्रान्सच्या ओग्युस्त व्हर्नय याने ज्वाळेच्या उष्णतेत शुद्ध अ‍ॅल्युमिनाची पूड वितळवून असे खडे बनवण्याची रीत 1902 साली जाहीर केली, आणि त्यानंतर जी वस्तू राजेरजवाड्यांच्या अंगठीत शोभायची ती घड्याळाच्या पोटात सामान्य माणसाच्या सेवेस रुजू झाली. आज भारी किमतीच्या स्मार्टवॉचवर जी ‘सफायर’ काच असते ती हाच पदार्थ, रंगविरहित स्वरूपात. जे पूर्वी घड्याळाच्या आत होते ते आता दर्शनी भागावर आले आहे. नवव्या पायरीवरची ही काच गारगोटीच्या धुळीला मुळीच दाद देत नाही; ग्रॅनाइटच्या ओट्यालाही नाही.

मग सर्वांनी सफायरच का घेऊ नये? पैशाचा प्रश्न आहेच, पण त्याशिवाय दोन गोष्टी विचारात घ्याव्यात. एक म्हणजे सफायरच्या पृष्ठभागावरून सुमारे 8 टक्के प्रकाश परावृत्त होतो, तर साध्या काचेवरून सुमारे 4 टक्के. वैशाखात तुळजापूरच्या घाटात किंवा परंड्याच्या उघड्या माळावर डोक्यावर ऊन असताना पडद्यावरील अक्षरे वाचावयाची, तर हा फरक जाणवतो. दुसरी गोष्ट अधिक मूलगामी आहे. चऱ्याला विरोध करणे आणि आघात सोसणे हे दोन निराळे गुण असून ते एकत्र नांदत नाहीत. जो पदार्थ अत्यंत कठीण तो बहुधा ठिसूळही असतो, कारण आघात बसला असता त्याला किंचितही लवता येत नाही. सफायरवर चरा पडणे दुर्घट, पण ती कठड्यावर आपटली तर तडकू शकते. काचेच्या बाबतीत यावर जी युक्ती योजली गेली ती विलक्षण आहे. काचेचा पातळ पत्रा सुमारे 400 अंश सेल्सिअस तापमानाच्या, वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटच्या, म्हणजे आपल्या सोऱ्याच्या, कुंडात कित्येक तास बुडवून ठेवतात. काचेच्या पृष्ठभागातील सोडियमचे लहान कण बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण शिरतात. काच थंड झाली की हे मोठे कण अपुऱ्या जागेत दाटीवाटीने अडकून राहतात आणि पृष्ठभागाचा पातळ थर सदैव आवळलेल्या स्थितीत राहतो. अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने 1960 च्या दशकात या मार्गावर काम आरंभिले, आणि तिची पुढे मोबाइलसाठी घडवलेली ‘गोरिला ग्लास’ आज सर्वतोमुखी झाली आहे.

या आवळलेल्या थराचे महत्त्व कळण्यास इंग्लंडमधील ए. ए. ग्रिफिथ याच्या 1921 च्या संशोधनाकडे वळले पाहिजे. रेणूंच्या परस्पर ओढीवरून हिशेब केला तर काच जेवढी बळकट असावयास हवी, त्याच्या एका अल्पशा अंशाएवढ्याच ताणाने ती प्रत्यक्षात का फुटते, हे कोडे त्याने उलगडले. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य सूक्ष्म भेगा असतात. ताण आला की तो भेगेच्या टोकाशी एकवटतो आणि तेथूनच काच उकलत जाते. याचा अर्थ असा, की प्रत्येक चरा ही संभाव्य तड्याची पहिली पायरी असू शकते. परंतु चरा त्या आवळलेल्या थराच्या आतच थांबला, तर त्याच्या दोन्ही कडा बाहेरून दाबून धरलेल्या असल्याने तो फाकत नाही. तो थर माणसाच्या केसाच्या जाडीहून बहुधा पातळच असतो, तरीही रोजच्या धुळीने पडणारे बारीक ओरखडे त्याच्या तळापर्यंत सहसा पोहोचत नाहीत. म्हणून असल्या ओरखड्यांनी घड्याळाचे रूप किंचित उणावते. त्याचे बळ उणावत नाही.

रूपाच्या बाबतीतही आपली नजर आपल्याला थोडे फसवते. दिव्याखाली घड्याळ तिरके धरले, की दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक ओरखड्यांची वर्तुळाकार जाळी दिसते, आणि पाहणाऱ्यास वाटते की काच गोल गोल घासली गेली आहे. वास्तविक ओरखडे सर्व दिशांना वेडेवाकडे पसरलेले असतात. त्यांपैकी जे प्रकाशाच्या वाटेला आडवे पडतात तेवढेच चकाकतात, बाकीचे अंधारात राहतात, आणि या निवडीमुळे वर्तुळाचा आभास होतो. घड्याळ थोडे फिरवा, की तीच जाळी प्रतिबिंबाबरोबर सरकते. पडदा उजळला आणि समोरून पाहिले, की यांतले बहुतेक ओरखडे अदृश्य होतात. घड्याळाच्या कामावरही त्यांचा परिणाम नाही: बोटाचा स्पर्श ओळखणारी यंत्रणा विद्युत्प्रभाराच्या बदलावर चालते, तिला पृष्ठभागावरील रेघांशी कर्तव्य नसते, आणि मागील बाजूने नाडीचे ठोके मोजणारा हिरवा प्रकाश त्वचेत शिरून रक्ताकडून कमीअधिक शोषला जातो, त्यातही असल्या ओरखड्यांनी सहसा व्यत्यय येत नाही. पट्टा सैल असला आणि घाम व मळ मध्ये साचला, तर मात्र मोजणी बिघडते.

कडेच्या धातूचे काय, असा प्रश्न उरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या कडेवर विद्युत्प्रक्रियेने जो पापुद्रा चढवतात तो रसायनदृष्ट्या कुरुंदाचाच भाऊ, म्हणून कठीण. पण त्याखालचा धातू मऊ असल्याने, दारापेटीच्या कोपऱ्यावर हात आपटला की पापुद्र्यासकट खाच पडते, आणि ती खाच निघत नाही. पोलादाच्या कडेवर ओरखडे उठतात, पण ते कुशल कारागीर घोटून काढू शकतो. स्वस्त घड्याळांच्या कडा बहुधा प्लास्टिकच्या किंवा रंग दिलेल्या मिश्रधातूच्या असतात. तेथे रंग उडणे हाच चरा, आणि त्याला इलाज नाही. हळदीच्या बाबतीत एक सावधगिरी जाता जाता सांगावीशी वाटते: देवीच्या दर्शनानंतर किंवा लग्नघरातील हळदीच्या समारंभानंतर काचेवरची हळद सहज निघते, पण फिकट रंगाच्या सिलिकॉनच्या पट्ट्यात तिचा रंग मुरतो आणि हट्टाने टिकतो.

बाजारात काचेवर चिकटवण्यासाठी जे गार्ड मिळते त्यावर ठळक अक्षरांत ‘9एच’ छापलेले असते, आणि ग्राहक ते नवव्या पायरीचे, म्हणजे सफायरच्या तोडीचे समजून घेतो. हा समज दूर झाला पाहिजे. ते नऊ मोह्सच्या उतरंडीतले नव्हेत. रंगाच्या लेपांची परीक्षा पेन्सिलींनी करण्याची जी रीत आहे, तिच्यातील सर्वांत कठीण 9एच पेन्सिलीने त्या पृष्ठभागावर रेघ उठली नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन्सिलीची शिसकांडी ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांची असते, आणि ती गारगोटीपुढे काहीच नाही. साधी खिडकीची काचसुद्धा ही परीक्षा पार करील. तरीही काचेच्या गार्डचा उपयोग नाही असे नव्हे: त्याच्यावर धुळीने चरे पडतीलच, पण ते चरे गार्डवर पडतील, आणि ते थोडक्या पैशांत बदलता येते. मात्र चिकटवण्यापूर्वी खालची काच पाण्याने धुऊन निर्मळ केली नाही, तर धुळीचा कण दोन काचांमध्ये कायमचा कोंडला जातो. प्लास्टिकचे पातळ गार्ड चऱ्यापासून बचाव करते, आघातापासून फारसे नाही.

ज्या चऱ्याची खरोखर चिंता वाहावी तो ओळखण्याची खूण सोपी आहे. नख आडवे फिरवले असता ते स्पष्टपणे अडखळले, आणि चरा काचेच्या मध्यभागी नसून काठापर्यंत गेलेला असला, तर तो दुर्लक्षू नये, कारण काचेची कड हा तिचा सर्वांत दुबळा भाग असतो आणि बहुतेक तडे तेथूनच सुरू होतात. काठाला तांदळाच्या कणीएवढा जरी टवका उडालेला दिसला, तरी घड्याळ पाण्यात घालणे त्याच दिवसापासून बंद करावे. टवक्यातून तडा पसरला, की काच आणि कड यांच्यामधील पाणी अडवणारा जोड निकामी होतो. नवे घड्याळ निवडताना दुकानदाराकडून ते हातात घेऊन आडव्या नजरेने पाहावे: ज्याची धातूची कड काचेच्या पातळीहून किंचित वर उठलेली आहे, त्याची काच सपाट पृष्ठभागावर टेकत नाही आणि ओट्याचा, भिंतीचा, दाराच्या चौकटीचा पहिला घाव कड झेलते; ज्याची काच कडेवरून खाली उतरत वळलेली आहे, ते दिसावयास देखणे असले, तरी शेतात, गॅरेजमध्ये किंवा बांधकामावर वावरणाऱ्याने ते घेऊ नये.